आरसा ओळंब्यात आणताना

मराठी वाङ्मय हा विषय घेऊन बी. ए. च्या शेवटच्या वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने दुर्बिणीच्या आरशावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. शास्त्र शाखेच्या अंगणात शिरून तेथील मंडळींना चार गोष्टी शिकवाव्यात असा माझा मुळीच हेतू नाही. पण आपल्या महाविद्यालयातील दोनतीन मैत्रिणींच्या घरी कपाटावर धूळ खात पडलेली दुर्बीण मी पाहिली आहे. हौसेने आणलेली, चार रात्री वापरलेली आणि मग 'काही दिसत नाही' म्हणून बाजूला ठेवलेली. माझीही दुर्बीण अशीच माळ्यावर जाणार होती. ती गेली नाही याचे श्रेय माझ्या आजोबांना आहे आणि ते गवंडी होते. म्हणून हा लेख.

२०२० साली मी दहावीत होते. शाळा बंद होत्या, परीक्षेचे काही खरे नव्हते. कराडजवळच्या आमच्या गावी रात्री अंगणात अंथरूण टाकून आकाश पाहण्याखेरीज दुसरा विरंगुळा नव्हता. आईने शिवणकामाच्या पैशांतून मला एक दुर्बीण घेऊन दिली. आरशाचा व्यास ११४ मिलिमीटर आणि नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते, '६७५ पट मोठे दिसते'. सोबत शनीचे असे रंगीत चित्र होते की जणू शनी आमच्या परड्यातच उतरला आहे.

त्या वर्षी २१ डिसेंबरला गुरू आणि शनी यांची युती होती. दोघांमधले अंतर अंशाच्या एक दशांश इतकेच, म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या सुमारे एक पंचमांश. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते आणि पुन्हा येणार ते २०८० साली. मी आळीतल्या सर्वांना आमंत्रण देऊन ठेवले. संध्याकाळी नैऋत्येला दोन्ही ग्रह उतरू लागले. दुर्बिणीपुढे बायकामुलांची रांग लागली. आणि नेत्रिकेत काय दिसावे? तेलाच्या दिव्याच्या धुरकट काचेसारखे दोन पसरट ठिपके, दोघांनाही एका बाजूला फराटा ओढल्यासारखा. कडे नाही, पट्टे नाहीत. लोक भिडेखातर 'छान, छान' म्हणत पुढे सरकले. शेवटी आबा आले. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "पोरी, ह्या दोघांस्नी शेपूट कशानं गं आलं? धूमकेतू हायेत का हे?"

मला रडू कोसळले. मला वाटले आबा थट्टा करताहेत. पुढे समजले की त्या रात्री दुर्बिणीचे अचूक निदान केले ते त्यांनी एकट्यानेच.

हे निदान समजण्यासाठी दुर्बिणीची रचना थोडी सांगितली पाहिजे. भिंगाच्या दुर्बिणीत रंगांची किनार दिसते, ती टाळावी म्हणून आयझॅक न्यूटन यांनी १६६८ साली भिंगाऐवजी अंतर्गोल आरसा वापरला. त्यांची ती दुर्बीण जेमतेम वीतभर लांबीची होती आणि आरसा तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा. आजच्या आरशाचा पाया काचेचा असतो व त्यावर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, पण मांडणी तीच आहे. उघड्या तोंडातून प्रकाश आत येतो, नळीच्या तळाशी असलेल्या मुख्य आरशावर पडून परततो व एका बिंदूकडे गोळा होऊ लागतो. तो बिंदू नळीच्या आतच राहिला तर पाहणाऱ्याचे डोके मध्ये येईल. म्हणून तोंडाजवळ पंचेचाळीस अंशांत एक छोटा सपाट आरसा तिरका बसवलेला असतो. तो किरणांना कुशीतून बाहेर काढतो आणि तेथे आपण नेत्रिका लावून पाहतो.

आता मुख्य आरशाचा एक अक्ष असतो. त्या अक्षावरून येणारे किरण एका बिंदूत नीट मिळतात. अक्षापासून बाजूला गेले की ते मिळत नाहीत, एका बाजूला पसरत जातात आणि ताऱ्याला शेपूट फुटते. या दोषाला इंग्रजीत कोमा म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ केस. धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या धूसर आवरणालाही हाच शब्द आहे. म्हणजे आबांच्या तोंडून निघालेला शब्द आणि शास्त्रातला शब्द एकाच कुळातले निघाले! दोन्ही आरसे आणि नेत्रिका एका अक्षावर असले तर दृश्याच्या मध्यभागी हा दोष नसतो. ते अक्षावर नसले तर मध्यभागीही शेपटे दिसतात. हे सारे अक्षावर आणण्याच्या कामाला कोलिमेशन म्हणतात. मी त्याला अक्षजुळणी म्हणेन.

माझ्या दुर्बिणीचा अक्ष बिघडला कसा? हे कबूल करायला आजही लाज वाटते. युतीच्या दोन दिवस आधी नळीच्या मागे सहा स्क्रू दिसले. काही ढिले वाटले. म्हटले, मोठा प्रसंग येतो आहे, सगळे घट्ट असलेले बरे. आणि मी ते सहाच्या सहा करकचून आवळले. सायकलच्या चाकाच्या ताराच जणू! ते स्क्रू घट्ट करण्यासाठी नसून आरशाचा कल बदलण्यासाठी असतात, हे मला ठाऊक नव्हते.

पुढचे दोन महिने दुर्बीण कोपऱ्यात उभी होती. मोबाइलवर काही चित्रफिती पाहिल्या. त्यांतली माणसे इतक्या भराभर स्क्रू फिरवीत की जादूच्या प्रयोगासारखे वाटे. एकदा आबा शेजारी बसून पाहत होते. मी त्यांना आकृती काढून समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे आरसा वळंब्यात न्हाई. मग सरळ सांग की. भिंत वळंब्यात न्हाई म्हणून कुणी घर सोडून जातं का?"

ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेले वजन. गवंडी त्यावर भिंतीचा उभेपणा पाहतो. दुर्बिणीलाही असाच ओळंबा लागतो, फक्त तो दोरीचा नसून नजरेचा असतो. तो आम्ही असा तयार केला.

पहिले काम आरशाचे मध्य काढण्याचे. नळीच्या कडेचे तीन स्क्रू काढले की मुख्य आरसा त्याच्या बैठकीसकट बाहेर येतो. त्याच्या चकाकत्या पृष्ठभागाला बोट लावायचे नाही. कागदावर आरशाएवढे वर्तुळ काढून कापले, दोनदा घडी घातली, घड्या जेथे छेदतात तेथे भोक पाडले. तो कागद आरशावर अलगद धरून मध्याची खूण केली आणि फायलीतल्या कागदाच्या भोकाभोवती चिकटवतात तसले छोटे गोल कडे तेथे चिकटवले. आरशावर काही चिकटवायचे म्हणजे माझा जीव खालीवर झाला. पण आरशाच्या मध्यावर नाहीतरी तिरक्या आरशाची सावलीच पडलेली असते, त्यामुळे त्या कड्याने काहीही बिघडत नाही.

दुसरे काम नजर मध्यावर बांधण्याचे. गावातल्या फोटो स्टुडिओच्या कपाटात जुन्या फिल्म-रोलच्या काळ्या डब्या पडून होत्या. अशी डबी नेत्रिकेच्या सव्वा इंची नळीत बहुधा बरोबर बसते. तिचा तळ कापून टाकला, झाकणाच्या बरोबर मध्ये दोन मिलिमीटरचे भोक पाडले आणि झाकणाच्या आतल्या बाजूस चॉकलेटची चांदी चिकटवली. झाला आमचा ओळंबा. खर्च शून्य.

मग दिवसाउजेडी दुर्बीण आडवी ठेवून तिचे तोंड चुना दिलेल्या भिंतीकडे केले. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. हे करताना किंवा एरवीही दुर्बीण चुकूनसुद्धा सूर्याकडे वळवू नये. क्षणार्धात डोळा कायमचा जाईल.

भोकातून पाहिले की प्रथम गोंधळ उडतो. आरशात आरसा, त्यात पुन्हा आरसा, आणि सर्वांच्या आत आपलीच डबी. म्हणून एकेक पायरी घ्यावी. पहिल्या पायरीत फक्त तिरक्या आरशाची बाह्यरेखा पाहायची. तो आरसा लंबगोल असतो, पण पंचेचाळीस अंशांतून पाहिल्यावर गोल दिसला पाहिजे आणि नळीच्या बरोबर मध्यात असला पाहिजे. नसेल तर त्याच्या मधल्या स्क्रूने तो पुढेमागे सरकवावा किंवा थोडा फिरवावा. दुसऱ्या पायरीत त्या तिरक्या आरशात मुख्य आरशाचे प्रतिबिंब पाहायचे. मुख्य आरशाला धरणाऱ्या तीन पकडी असतात. त्या तिन्ही सारख्या दिसेपर्यंत तिरक्या आरशाचे तीन बारीक स्क्रू हळूहळू फिरवावे. एक कसला तर दुसरा सैल करावा. या वेळी नळी उभी ठेवू नये, नाहीतर हातातून निसटलेला पेचकस थेट मुख्य आरशावर जातो.

तिसरी पायरी मुख्य आरशाची, आणि माझ्या गुन्ह्याची जागा हीच. मागच्या सहा स्क्रूंच्या तीन जोड्या असतात. जोडीतला एक आरशाची बैठक ओढतो, दुसरा तिला अडवून धरतो. तीनच जोड्या का, असे मी विचारले तेव्हा आबा म्हणाले, "चुलीला दगड किती असत्यात?" खरेच, तीन दगडांवरचे भांडे कधी डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एकच सपाट पातळी जाते. भोकातून पाहिले की चकाकत्या चांदीच्या मध्ये आपले भोक काळ्या ठिपक्यासारखे दिसते आणि आरशावरचे चिकट कडे त्याच्या आसपास. तो ठिपका कड्याच्या बरोबर मध्ये आला की आरसा ओळंब्यात आला. माझा डोळा पुढे आणि स्क्रू मागे, हात पोचेना. मग आबा मागे बसले. मी म्हणायची "डावा, थोडा", आणि ते पाव फेरा देऊन थांबायचे. "आजून?" "आणखी थोडा." "आता?" "गेला पुढे, मागं घ्या." तासाभराने ठिपका कड्यात जाऊन बसला. आज हेच काम मला पाच मिनिटांत जमते.

शेवटची परीक्षा आकाशात. त्यासाठी ध्रुवतारा उत्तम, कारण तो जागचा फारसा हलत नाही. आमच्याकडे तो उत्तरेला क्षितिजापासून फक्त सतरा अंशांच्या आसपास असतो, तेव्हा झाडे आडवी येतात. पण घराच्या गच्चीवरून साधला. तारा मध्यभागी आणून फोकस किंचित बिघडवायचा. ताऱ्याची एक चकती होते, तिच्यात एकात एक वर्तुळे दिसतात आणि मध्ये तिरक्या आरशाची काळी सावली. सावली बरोबर मध्ये असेल तर जुळणी झाली. एका बाजूला सरकलेली असेल तर मागचा एक स्क्रू अगदी थोडा फिरवावा, तारा पुन्हा मध्यभागी आणावा आणि पाहावे. बिघाड वाढला तर उलट फिरवावे. घाई करणाऱ्याचे येथे काम नाही.

माझ्या दुर्बिणीचे नाभीय अंतर व्यासाच्या सुमारे आठपट आहे, म्हणून तिला थोडी चूक खपते. हल्ली १३० मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणी पुष्कळ मिळतात. त्यांत हे प्रमाण पाचपट असते. शेपटापासून मुक्त असे मधले क्षेत्र या प्रमाणाच्या घनानुसार बदलते. आठाचा घन ५१२, पाचाचा १२५. म्हणजे आखूड दुर्बिणीची जुळणी चौपट काटेकोर असावी लागते. घेताना हे ध्यानात ठेवावे.

जुळणी झाल्यावर सुधारणांचा मोह होतो. येथे माझा अनुभव असा की पैसे शेवटी लागतात, आधी फक्त लक्ष लागते. आरशाच्या तीन पकडी मी फार आवळल्या होत्या, त्यामुळे तारे तिकोनी दिसत. पकड आणि आरसा यांत साधे पोस्टकार्ड सरकेल इतकी सैल सोडल्यावर तारे गोल झाले. दुर्बीण घरातून बाहेर काढून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. नाहीतर त्याच्यावरची गरम हवा चुलीवरच्या वाफेसारखी थरथरते. शोधक दुर्बीण दिवसा दूरच्या देवळाच्या कळसावर जुळवून घ्यावी. नेत्रिकेच्या समोरची नळीची आतली बाजू आम्ही फळ्याला देतात त्या बिनचकाकीच्या काळ्या रंगाने रंगवली आणि चंद्राचा भुरका उजेड कमी झाला. आरशावरची थोडी धूळ खुशाल राहू द्यावी. पदराने पुसलेला आरसा धुळीच्या आरशापेक्षा कितीतरी वाईट.

मग तिपाई. ती इतकी हले की शनी झोपाळ्यावर बसल्यासारखा दिसे. येथे जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांचे नाव घेतले पाहिजे. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात तेवीस वर्षे संन्यासी होते. तेथे त्यांनी टाकाऊ वस्तूंतून दुर्बिणी केल्या आणि १९६७ साली मठ सोडल्यावर त्या रस्त्याच्या कडेला मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवले. त्यांची बैठक म्हणजे लाकडी खोके, जे उभे-आडवे फिरते, आणि घर्षण कमी करायला टेफ्लॉनचे तुकडे. आबांनी घरातल्या उरलेल्या प्लायवूडची अशी बैठक केली, खाली सनमायकाचा तुकडा लावला. ती आजही हलत नाही.

पैसे खर्चले ते फक्त नेत्रिकेवर. खोक्यावरचे ६७५ पट म्हणजे ९०० भागिले ४ मिलिमीटरची नेत्रिका, गुणिले तिप्पट करणारे भिंग. गणित बरोबर, पण व्यवहारात व्यर्थ. आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे फार तर दुप्पट, म्हणजे माझ्या दुर्बिणीला सुमारे २२८ पट, ही कमाल मर्यादा. त्यापुढे चित्र मोठे होते, पण नवे काही दिसत नाही. आपल्याकडे काही व्याख्याने अशीच असतात! मी १० मिलिमीटरची प्लॉसल जातीची एक नेत्रिका घेतली. ९० पट. शनीसाठी तेवढे पुरते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप छोट्या खेळण्यासाठी कशाला? पण हा खटाटोप मोठ्यांनाही चुकलेला नाही. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशाची कड सुमारे दोन सहस्रांश मिलिमीटरने जास्त सपाट घासली गेली होती. तो दोष आकाराचा होता, कोणताही स्क्रू फिरवून जाणारा नव्हता, म्हणून १९९३ साली अंतराळवीरांनी जाऊन तिला जणू चष्मा बसवला. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा अठरा तुकड्यांचा आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत तिने एका ताऱ्याकडे प्रथम पाहिले तेव्हा अठरा वेगवेगळे ठिपके दिसले. शास्त्रज्ञांनी एकेक तुकडा पाव-पाव फेऱ्याहूनही सूक्ष्म हलवून त्यांचा एक तारा केला. ते वाचताना मला आबांचे "आजून?" ऐकू आले.

आपल्या पुण्यातही १८८८ साली विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथे कावसजी नेगमवाला यांच्या देखरेखीखाली वीस इंची आरशाची दुर्बीण होती. ते १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र कितीही मोठे असो, ते जुळवून ठेवणारा माणूस उठला की ते मुके होते, असे मला वाटते.

२०२१ चा पावसाळा संपला. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी शनी मकर राशीत होता. या वेळी मी कुणालाही आमंत्रण दिले नाही. आबांना खुर्ची दिली आणि नेत्रिका त्यांच्या डोळ्याशी आणली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "गाडीच्या चाकाला धाव चढवत्यात, तसं कडं हाय. पर हे चाकाला टेकत न्हाई. मधनं अंधार दिसतोय." ग्रह आणि कडे यांमधली ती फट, जी मी पहिल्यांदा तीन रात्री शोधत होते, ती त्यांना पहिल्याच नजरेत दिसली. आयुष्यभर भिंतींमधल्या फटी पाहिलेले डोळे होते ते. मग त्यांनी विचारले, "त्या दिशी दोगं जवळ आलते, ते परत कवा?" मी म्हटले, "२०८० ला." ते हसले. "मग तू बघ. तवर आरसा वळंब्यात ठेव म्हंजे झालं."

आबा २०२४ साली गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून जवळजवळ कडेनेच दिसत होती. माझ्या दुर्बिणीत शनी म्हणजे बारीक तारेत ओवलेला मणी. दाखवायला आळीतली पोरे होती. कुणी विचारले, "ताई, कडं कुठं गेलं?" मी सांगितले, ते कोठेही गेले नाही, आपण त्याला कडेने पाहतो आहोत, पुढच्या काही वर्षांत ते पुन्हा उघडेल.

ज्यांच्या घरी माळ्यावर दुर्बीण आहे त्यांनी ती एकदा खाली काढावी. बहुधा ती बिघडलेली नसते, फक्त ओळंब्यात नसते. एक डबी, एक चिकट कडे आणि मागे स्क्रू फिरवायला घरातले एखादे धीराचे माणूस, एवढे पुरे. २०८० साली मी पंच्याहत्तर वर्षांची असेन. तेव्हा स्क्रू फिरवायला एखादी नात जवळ असावी, एवढीच इच्छा आहे.